जुनी गोळी बंद

एकोणीस वर्षं मी एका दाराबाहेर बसून नोकरी केली. आत डॉक्टर, बाहेर पेशंट आणि मधे मी. माजिवड्याजवळ हायवेला लागून एक मोठं हॉस्पिटल आहे. नाव लिहीत नाही. लिहून फरकही पडणार नाही, कारण तसं दार आणि दाराबाहेर तशी एक बाई आता सगळीकडेच असते. तिथल्या ओपीडीत शुगरच्या डॉक्टरांची मी रिसेप्शनिस्ट होते. कागदावर हुद्दा ‘ओपीडी असिस्टंट’. काही पेशंट सावंत मॅडम म्हणायचे, बाकीचे ‘दारावरच्या ताई’.

बाहेरच्या माणसाला वाटतं, त्यात काय मोठं, नंबर तर पुकारायचा. पण या खुर्चीचं म्हणून एक शिक्षण असतं. सकाळी दहा ते दुपारी दोन या चार तासांत पन्नासच्या खाली आकडा कधी आला नाही. फाइल काढून ठेवायची. वजन-बीपी झालंय का बघायचं. ‘फक्त रिपोर्ट दाखवायचाय, एकच मिनिट’ म्हणणाऱ्याला बसवून ठेवायचं, कारण त्याचं एक मिनिट सगळ्यात लांब असतं. भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या औषध कंपन्यांच्या मुलांना नजरेनं सांगायचं की आज नाही. आणि आतला पेशंट पाच मिनिटांच्या वर बसला की दारावर दोनदा टकटक करायची. टकटक ऐकली की डॉक्टर म्हणायचे, “बरं मग, तीन महिन्यांनी भेटू.” पेशंटला वाटायचं, बाहेर कोणी सिरियस आलंय. पिशवी, फाइल, काठी गोळा करत बिचारे लगबगीनं बाहेर यायचे आणि मलाच विचारायचे, “कोणाला जास्त झालंय का हो?” मी मान हलवायचे. ती मान हो म्हणतेय की नाही, हे कोणालाच कळू नये इतपत.

ही टकटक डॉक्टरांनी हौसेनं लावलेली नव्हती. ते भले माणूस होते, अजूनही आहेत. पण उशीर झाला की शेवटच्या नंबरांचे लोक माझ्या टेबलावर हात आपटायचे आणि वरून मॅनेजरचा फोन यायचा. मग एक दिवस तेच म्हणाले, “ताई, मला आत घड्याळ बघता येत नाही, वाईट दिसतं. तुम्ही बाहेरून वाजवत जा.” तेव्हापासून वाईट दिसण्याचं काम माझ्याकडे आलं.

डोंबिवलीहून एक गृहस्थ यायचे, बँकेतून निवृत्त झालेले. प्रश्न टाइप करून आणायचे, नंबर घालून, अकरा-बारा तरी असायचे. तिसऱ्या प्रश्नापर्यंत माझी टकटक व्हायची. मी त्यांना एकदा सुचवलं, “काका, सगळ्यात महत्त्वाचे तीन वर घ्या.” ते चष्म्यावरून बघत म्हणाले, “बाई, पाय माझे, किडनी माझी, डोळे माझे. बिनमहत्त्वाचं कुठलं ते तुम्हीच सांगा.” पुढच्या दोन-तीन खेपांना कागद आणला. मग एकदा रिकाम्या हातानं आले. मी विचारलं, “आज कागद नाही?” म्हणाले, “उत्तरं तीनचीच मिळतात. बाकीचे घरी पाठ आहेत मला.” आम्ही दोघंही हसलो. आज आठवलं की त्या हसण्याची लाज वाटते.

आणखी एक गोष्ट या खुर्चीनं मला शिकवली. पेशंट खरं दुखणं आधी सांगत नाही. आधी गॅस सांगतो, झोप लागत नाही म्हणतो. खरं सांगतो ते उठताना, दाराच्या कडीला हात घालून. कल्याणच्या एका बाईंनी असाच दरवाजा अर्धा उघडला होता, माझ्या समोरच. मागे वळून म्हणाल्या, “आणि डॉक्टर, या डोळ्यानं आठ दिवस झाले काळं काळं दिसतंय, ते शुगरचंच असेल ना?” डॉक्टर खुर्चीतून उठलेच. त्यांना हाताला धरून परत बसवलं, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तो डोळा वाचला. पुढे कितीतरी दिवस मी अभिमानानं सांगायचे, की बघा, उठता उठता बोललेलं वाक्य सोडायचं नसतं.

म्हणजे मला माहीत नव्हतं असं मला म्हणता येत नाही.

चंद्रामावशी कोपरीच्या. जातीच्या कोळी, साठीच्या पुढच्या, अंगानं दणकट. कोपरीच्या बाजारात सुकी मासळी विकायच्या. नवरा कधीच गेलेला, एक मुलगी, रेश्मा. ती ऐरोलीला कुठल्याशा कंपनीत कॉम्प्युटरवर कामाला. मावशी पहिल्यांदा आल्या तेव्हा माझ्या टेबलापाशी येऊन त्यांनी आधी वास घेतला आणि म्हणाल्या, “बाय, तुमच्या हास्पिटलला कसलाच वास नाय गो. मानसं राहतात ना हितं?” बाकावरचे सगळे हसले. दुसऱ्या खेपेला वर्तमानपत्रात गुंडाळून सुक्या कोलंबीचे सोडे घेऊन आल्या. मी नको नको म्हणतेय आणि त्या माझ्या टेबलाच्या खणात ते सारून मोकळ्या. संध्याकाळपर्यंत माझ्या खणातल्या फाइलींना समुद्राचा वास लागला होता. मॅनेजर येऊन चौकशी करून गेला.

त्यांना शुगरचा त्रास जुना. घराजवळच्या डॉक्टरांची एक गोळी कित्येक वर्षं चालू होती. आता ती पुरेना म्हणून रेश्मानं आमच्याकडे आणलं. पहिल्या दोन खेपांना ती रजा टाकून सोबत आली. तिसऱ्या खेपेला तिला रजा मिळाली नाही. मावशी एकट्याच रिक्षानं आल्या.

तो सोमवार होता. सोमवार म्हणजे ओपीडीत पाय ठेवायला जागा नसते. मावशींचा नंबर बत्तीस. त्या आत गेल्या आणि चार मिनिटांत बाहेरही आल्या. मला टकटक करावी लागली नाही म्हणून मनातल्या मनात बरंच वाटलं. मी तेहतीस नंबर पुकारला. मावशी टेबलापाशीच उभ्या राहिल्या. एका हातात फाइल, दुसऱ्या हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत जुन्या गोळ्यांचं पाकीट.

“बाय, ही जुनी गोली पन घ्यायची ना? का नवीच घ्यायची निस्ती?”

एका कानाला फोन, समोर तेहतीस नंबरचे आजोबा आणि त्यांचा मुलगा, मागे कोणीतरी ओरडत होतं की आमचा तिसावा होता. मी म्हटलं, “मावशी, फाइलवर सगळं लिहिलंय डॉक्टरांनी. खाली मेडिकलमध्ये फाइल दाखवा, ते नीट समजावून सांगतील.”

“मना विंग्रजी कुठं वाचता येतंय?”

“ते वाचतील मावशी. त्यांचं कामच आहे ते.”

त्या खाली गेल्या. हॉस्पिटलच्या मेडिकलमध्ये तेव्हा कशी रांग असते ते गेलेल्या माणसालाच माहीत. तिथल्या माणसानं नवीन गोळ्या दिल्या, पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढून सकाळ-रात्र समजावलं, आणि जुन्या गोळीचं विचारल्यावर म्हणाला, ते डॉक्टरांना विचारा. हे मला नंतर कळलं. त्याचंही खोटं नव्हतं. आम्ही सगळे तिथे खरंच बोलत होतो.

मावशी परत वर आल्या. जिना चढून आल्या असणार, कारण धापा टाकत होत्या. मी त्यांना पाहिलं. मी फोनवर होते, म्हणून हातानं खूण केली, थांबा. त्या खांबाला टेकून उभ्या राहिल्या. बाकावर जागा नव्हती. मग मी दोन नंबर पुकारले, एक फाइल हरवली होती ती शोधली, कोणाशी तरी भांडले. मान वर करून बघितलं तेव्हा खांबापाशी कोणी नव्हतं. दुपारचा बाजार सुरू व्हायची वेळ झाली होती, त्या गेल्या असतील, असं मनात आलं. तो विचार अर्धा क्षणसुद्धा टिकला नाही.

नंतर काय झालं ते लिहिते. डॉक्टरांनी नवीन जी गोळी दिली होती, तिच्यात जुन्या गोळीतलं औषध होतंच, शिवाय आणखी एक होतं. नाव वेगळं, रंग वेगळा, पाकीट वेगळं. म्हणजे जुनी बंद करायची होती. मावशींनी दोन्ही घेतल्या. एक बंद करा असं कोणी सांगितलं नाही, म्हणून नेमानं घेतल्या. भर म्हणून आम्ही प्रत्येक पेशंटला आहाराचा एक छापील कागद द्यायचो, चित्रांचा. त्यात भाताच्या ताटावर लाल फुली होती. तेवढं मात्र मावशींना वाचता आलं. जन्मभर दोन वेळा भात खाणाऱ्या बाईनं भात सोडला. दोन-तीन दिवस घाम यायचा, हातपाय कापायचे, गरगरायचं. शेजारणीला म्हणाल्या, नवीन औषध लागू पडतंय, शुगर भायेर पडतेय. पाचव्या दिवशी सकाळी त्या उठल्या नाहीत. रेश्मा कामावर गेलेली. दुपारी ती परत आली तेव्हा आई तशीच पडून होती, उशी घामानं भिजलेली. जवळच्या दुसऱ्या हॉस्पिटलात नेलं. रक्तातली साखर इतकी उतरली होती की यंत्रावर आकडा येईना. सलाइन लावलं, साखर वर आली. मावशी मात्र वर आल्या नाहीत. मेंदूला तितके तास साखर मिळाली नाही तर तो विझत जातो. जीव राहिला, माणूस गेलं.

यातलं काहीही मला तीन आठवडे माहीत नव्हतं.

तीन आठवड्यांनी एका मुलीनं माझ्या टेबलावर एक फाइल ठेवली. मी वर न बघता विचारलं, “नंबर आहे का?” ती म्हणाली, “आईचा फॉलोअप आहे आज. आई आलेली नाही.” मी वर बघितलं. रेश्मा होती. तिच्या दुसऱ्या हातात गोळ्यांची दोन पाकिटं होती, एक निळं, एक पांढरं. मी विचारलं, “मावशी कशा आहेत?” तिनं मला ओळखलं असावं. ती दाराकडे बघत म्हणाली, “मला डॉक्टरांना भेटायचंय. पाच मिनिटं चालतील.”

मी तिला मधेच आत सोडलं आणि स्वतः फाइल घेऊन मागे गेले. तसं मी कधी करत नव्हते.

रेश्मा बसली नाही. तिनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, वर लिहिलं तसंच, आवाज न चढवता. डॉक्टरांनी फाइल ओढून घेतली, शेवटचं पान काढलं. नवीन गोळीचं नाव होतं, आणि त्याखाली जुन्या गोळीचं नाव, एक बाण आणि बाणापुढे इंग्रजीत ‘स्टॉप’. त्यांनी त्या शब्दावर बोट ठेवलं. मला वाटतं त्यांनी ते मुद्दाम ठेवलं नाही. बुडणाऱ्या माणसाचा हात जाईल तसं ते बोट तिथे गेलं.

“इथे लिहिलंय मी,” ते म्हणाले.

“हो. मला वाचता येतं,” रेश्मा म्हणाली. “मी दिवसभर ऑफिसात इंग्रजीच वाचते. आई चौथी शिकलीय. मराठी शाळेत.”

“मी तोंडीही सांगितलं असणार. मी सांगतोच.”

“सांगितलं असेल, सर. तिला कळलं नाही. पण तिला कळलं नाही की ती गप्प बसणारी नाही. बाजारात बसते ती. तिनं कोणाला तरी विचारलं असणार. इथे बाहेर कोणाला विचारलं का तिनं?”

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. रेश्मानंही बघितलं.

मी म्हटलं, “रोज इतके पेशंट असतात. मला आठवत नाही.”

मला सगळं आठवत होतं. पिशवीतलं जुनं पाकीट, खांब, धापा, ‘निस्ती’ हा शब्दसुद्धा. तोंडातून ते वाक्य इतकं सरावानं गेलं की त्याला खोटं म्हणायलाही मला नंतर वेळ लागला. एकोणीस वर्षांत ते मी किती वेळा म्हटलं असेन! आमच्या धंद्यातलं ते रोजचं वाक्य आहे, ‘लिफ्ट तिकडे आहे’ सारखं.

डॉक्टर पहिल्यांदाच कॉम्प्युटरचा पडदा बाजूला वळवून, खुर्ची पुढे ओढून म्हणाले, “बसा. काय विचारायचं असेल ते विचारा. कितीही वेळ घ्या.”

ती म्हणाली, “आता काय विचारायचं?” आणि फाइल घेऊन गेली.

त्या दिवशी शेवटचा पेशंट गेल्यावर डॉक्टरांनी मला आत बोलावलं. “ताई, तुम्हाला खरंच आठवत नाही?” मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, “मला आठवतंय. मी सांगितलं त्यांना, ‘ही नवीन, जुनी बंद.’ पण सांगताना मी टाइप करत होतो. त्यांनी मान हलवली की नाही ते मी बघितलंच नाही.” मला तेव्हा बोलता आलं असतं. दार बंद होतं, बाहेर कोणी नव्हतं, टकटक करणारी मीच आत होते. मी म्हटलं, “सर, जेवून घ्या.”

वरून चौकशी झाली. मॅनेजरनं आमच्याकडची फाइलची प्रत तपासली, मला बोलावलं. “फाइल एकदम क्लीन आहे सावंत मॅडम. स्टॉप लिहिलंय, डाएट चार्ट दिलाय, सही आहे. टेन्शन घेऊ नका.” रेश्मानं तक्रार केलीच नव्हती. तिला आईची नळी आणि कपडे बदलण्यातून वेळ कुठे होता? चौकशी आपली आपणच झाली आणि आपली आपणच मिटली.

त्यानंतर मी एक गोष्ट सुरू केली, कोणाला न विचारता. बाहेर येणाऱ्या प्रत्येक पेशंटला टेबलापाशी थांबवायचं, फाइल उघडायची आणि मराठीत वाचून दाखवायची. ही सकाळी, ही रात्री, ही बंद. मग त्यांच्याकडून परत वदवून घ्यायचं, शाळेतल्यासारखं. पहिल्याच आठवड्यात तिघं असे निघाले की जे घरी भलतंच घेत होते. त्यातले एक तर शिकलेले इंजिनिअर, घोडबंदर रोडला राहणारे. मला वाटलं, चला, काहीतरी होतंय.

पण एकेकाला तीन-चार मिनिटं लागायची. आतून पाच मिनिटांनी माणूस बाहेर यायचा आणि माझ्या टेबलाशी अडायचा. तिथे दुसरी रांग तयार झाली. फोन वाजत राहायचे. दुसऱ्या महिन्यात तक्रार आली. लेखी. ती डॉक्टरांनी केली नव्हती, मॅनेजरनंही नाही. पेशंटनी केली होती, बारा जणांच्या सह्या होत्या. ‘रिसेप्शनवरील बाई प्रत्येकाशी गप्पा मारत बसतात, त्यामुळे खोळंबा होतो.’ सह्यांमध्ये एक सही मी ओळखली. घरी भलतंच घेणाऱ्या त्या तिघांतल्याच एकाची होती ती. त्याचा मी राग धरत नाही. त्यालाही ऑफिसला परत जायचं असेल.

डॉक्टरांनीही आपल्या परीनं एक प्रयत्न केला. रोजचे पेशंट निम्म्यावर आणले, प्रत्येकाला दहा मिनिटं. महिनाभरात नवीन पेशंटला पुढची तारीख अडीच महिन्यांनंतरची मिळायला लागली. फोनवर लोक मला शिव्या द्यायचे, काही रडायचे. भिवंडीकडून आलेला एक माणूस पायाची जखम उघडी करून टेबलासमोर उभा राहिला, म्हणाला, “अडीच महिने हा पाय तुमच्याकडे ठेवून जाऊ का?” डॉक्टरांनी त्याला लगेच घेतलं, मग त्याच्या मागच्यालाही घेतलं. आठवडाभरात आकडा पुन्हा पन्नासवर गेला. कमी बघितले तर बाहेरचे मरतात, जास्त बघितले तर आतले.

मला त्या टेबलावरून काढून तिसऱ्या मजल्यावर जुन्या फाइलींच्या खोलीत पाठवलं. खाली माझ्या जागी मशीन आलं. बटण दाबलं की चिठ्ठी निघते, भिंतीवर आकडा लागतो, एक रेकॉर्ड केलेली बाई तीन भाषांत बोलते. लोकांना ते आवडलं. भांडणं कमी झाली, मशीनशी कोण भांडणार? पण मी एकदा जेवणाच्या सुट्टीत खाली उतरले तेव्हा एक म्हातारे गृहस्थ त्या मशीनसमोर फाइल उघडून उभे होते. जराशा उंच आवाजात विचारत होते, “ही जेवणाआधी की नंतर?” मशीननं चिठ्ठी दिली. मी त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी आभार मानले नाहीत, मशीनचंच काम आहे असं समजून निघून गेले.

या वर्षी मी निवृत्त झाले. डोंबिवलीला घरी बसले. निरोपाच्या वेळी सगळे चांगलं बोलले. डॉक्टर म्हणाले, “ताईंनी माझा वेळ सांभाळला.” खरं होतं ते.

निवृत्तीनंतर पंधरा दिवसांनी मी कोपरीला गेले. पत्ता फाइलीत होता, तिसऱ्या मजल्यावर असताना काढून ठेवलेला. घरात काही सांगितलं नाही. स्टेशनच्या पूर्वेला उतरल्यावर मोसंबी घेतली, पेशंटकडे जायचं म्हणून. गल्लीत विचारलं तर एका बाईनं नुसतं बोट दाखवलं, नाव घ्यायच्या आतच. हातातली मोसंबी बघून तिला कळलं असेल, ही पेशंटकडेच चाललीय.

दार उघडंच होतं. एक खोली, पुढे ओटा. मावशी खाटेवर होत्या. नाकात नळी, डोळे उघडे, पंख्याकडे लागलेले. केस बारीक कापलेले. त्या दणकट बाईचं खाटेवर अर्धंसुद्धा काही राहिलं नव्हतं. रेश्मा शेजारी स्टुलावर, गळ्यात हेडफोन, मांडीवर लॅपटॉप. आता घरूनच काम करते, कमी हुद्द्यावर. नळी बघितल्यावर मी मोसंब्यांची पिशवी खुर्चीखाली सरकवली.

“सावंत मॅडम ना?” ती म्हणाली. “दारावरच्या.”

मी बसले. पाणी दिलं तिनं. मी घरून ठरवून आलेले, कसं सुरू करायचं, आधी काय बोलायचं. त्यातलं काही सुचलं नाही. मी म्हटलं, “रेश्मा, तुझ्या आईनं विचारलं होतं. मला. जुनी गोळी घ्यायची का म्हणून. मी खाली पाठवलं तिला. ती परत वर आली, मी हातानं थांब म्हटलं. मग मी विसरले. मला सगळं आठवत होतं त्या दिवशी. मी खोटं बोलले.”

रेश्मानं लॅपटॉप मिटला. मोठ्या सिरिंजमध्ये पेज भरली, नळीला लावली, हात वर धरून बसली. पेज हळूहळू उतरत होती. ती उतरेपर्यंत मी मावशींकडे बघितलं. त्या पंख्याकडेच बघत होत्या.

“खांबापाशी उभी होती का?” रेश्मानं विचारलं.

“हो.”

“दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणालेली, काल पाय दुखले, बसायला जागा नव्हती.” तिनं नळीत पाणी सोडलं, टोक बंद केलं. “मी विचारलं नाही, कशासाठी उभी होतीस. मला लॉगइनला उशीर होत होता.”

मला वाटलं, आता काहीतरी म्हणेल. राग करेल, किंवा ‘जाऊ दे’ म्हणेल. दोन्हींची माझी तयारी होती.

“त्या सकाळी पण,” ती म्हणाली. “ती एवढा वेळ कधी झोपत नाही. मी दारातून बघितलं, म्हटलं दमली असेल, झोपू दे. हाक मारली नाही. शिफ्ट होती माझी.”

बाहेर कोणीतरी रस्त्यावरून बांगडे-बांगडे ओरडत गेलं. मी खाटेकडे बघितलं. काही हललं नाही.

मी म्हटलं, “मला माफ कर, असं मी म्हणायला आलेले नाही.” खरं तर तेच म्हणायला आले होते.

रेश्मानं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि उठली. “दोन तास झाले. कूस बदलायला हवी, नाही तर पाठीला जखमा होतात. रोज शेजारची वहिनी येते, आज ती नाहीये.” ती खाटेच्या त्या बाजूला गेली. “तुम्ही इकडून धरा.”

मी पदर खोचला आणि पुढे झाले. कुठे हात घालायचा ते कळेना. एकोणीस वर्षं मी पेशंटच्या इतक्या जवळ राहिले, पण एकाही पेशंटला कधी हात लावला नव्हता.

“आधी मानेखाली हात घ्या,” रेश्मा म्हणाली. “हळू. घाई नका करू.”

आम्ही दोघींनी मिळून मावशींना भिंतीकडे वळवलं.